फोकस शटरने की मागच्या बटणाने? दोन्ही वापरून झाल्यावर

डीएसएलआर घेऊन वर्षभर झालं, अॅपर्चर-शटर-आयएसओचं गणित कळलं, आणि तरी दहातले तीन-चार फोटो जरा सॉफ्टच येतात, म्हणजे धड हललेलेही नाहीत आणि धड शार्पही नाहीत, अशा टप्प्यावर जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. या टप्प्यावर बहुतेक जण नवी लेन्स शोधायला लागतात. मीही शोधत होतो. पण त्याआधी मेनूमधलं एक फुकटातलं सेटिंग बदलून बघायला हरकत नाही, ते म्हणजे फोकस शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या पाठीवर, अंगठ्याखाली नेणं. बॅक बटण फोकस म्हणतात ते. मी साधारण तीन वर्षं शटरने फोकस केला आणि त्यानंतर अंगठ्याने, त्यामुळे दोन्हीकडची बाजू थोडीफार सांगता येईल.

आधी शटरची बाजू, कारण ती वाईट अजिबात नाही. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो, एकाच बोटाचं काम, आणि हात इतका सरावतो की विचारच करावा लागत नाही. समोर अचानक काहीतरी घडलं तर नुसतं बोट दाबायचं, बाकी कॅमेरा बघून घेतो. रस्त्यावरचे, समारंभातले, पळापळीतले फोटो काढणाऱ्या कित्येक मुरलेल्या लोकांनी हे कधीच बदललेलं नाही आणि त्यांचं काही अडलेलंही नाही.

माझं अडलं ते आजीच्या फोटोंपाशी. ती खिडकीशेजारी खुर्चीत बसली होती, बाजूने छान उजेड, मी दीडेक मीटरवर, 50 एमएम लेन्स, अॅपर्चर एफ 1.8, म्हणजे चांगलंच उघडं. तिला फ्रेममध्ये डाव्या बाजूला ठेवायचं होतं म्हणून मधला फोकस पॉइंट (व्ह्यूफाइंडरमधली ती खूण, जिच्याखाली असेल त्यावर कॅमेरा फोकस घेतो) तिच्या डोळ्यावर ठेवला, बटण अर्धं दाबून धरलं, कॅमेरा सरकवला, क्लिक. इथवर ठीक. पण ती हसली, म्हणून घाईने लगेच दुसरा काढायला गेलो, तोवर बोट उचललं गेलेलं होतं, परत दाबल्यावर कॅमेऱ्याने अगदी इमानदारीत मधल्या पॉइंटखाली जे होतं त्यावर फोकस घेतला आणि मध्ये होता मागचा पडदा. असे तीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळे झकास दिसले, कॉम्प्युटरवर मोठे करून बघितले तर पडद्याचा धागा न् धागा मोजून घ्या, आणि आजी मात्र धुक्यात. क्रॉप सेन्सरवर (सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये असतो तो, फुल फ्रेमपेक्षा लहान) या अंतरावरून एफ 1.8 ला जेमतेम 6 सेंटिमीटरची पट्टी शार्प मिळते, त्यात पडदा कुठे आणि डोळे कुठे! तीसमधले धड चार निघाले, आणि ज्यात ती मनापासून हसली होती तो त्यात नव्हता.

कोणी म्हणेल की मग फोकस पॉइंटच सरकवायचा ना. बरोबर आहे, सरकवावाच. पण सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये पॉइंट असतात किती? कॅननच्या 1500डीमध्ये 9, निकॉनच्या डी 3500 मध्ये 11, तेही बरेचसे मध्याच्या आसपास, आणि दोन्हीकडे क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा, जास्त भरवशाचा पॉइंट फक्त मधला. उजेड कमी झाला की कडेचे पॉइंट चाचपडायला लागतात, म्हणून माणूस फिरून मधल्यावरच येतो. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत) डोळा ओळखणारा फोकस आल्यापासून हा प्रश्न बराच मिटलाय, पण आपण डीएसएलआरचं बोलतोय.

मागच्या बटणाने काय बदललं, तर फोकस कधी घ्यायचा ते आता मी ठरवतो. शटर फक्त फोटो काढतं. कॅमेरा कंटिन्युअस फोकसवर, म्हणजे बटण दाबलेलं असेतोवर सतत फोकस घेत राहणाऱ्या मोडवर (कॅननचं एआय सर्व्हो, निकॉनचं एएफ-सी) कायमचा ठेवून द्यायचा. बसलेला माणूस असेल तर अंगठा दाबला, सोडला, फोकस तिथेच थांबला, आता वीस फोटो काढा. पळणारं पोर किंवा कुत्रं असेल तर अंगठा दाबूनच ठेवायचा, कॅमेरा पाठलाग करत राहतो. मोड बदलायला मेनूत जायला नको. रात्री ट्रायपॉडवर तर फारच सोयीचं, एकदा फोकस लावला की शटर दाबताना लेन्स अंधारात मागेपुढे भटकत बसत नाही. ही काही नवी टूमही नाही, कॅननने 1989 च्या ईओएस 630 या फिल्म कॅमेऱ्यात हे दिलं होतं. कॅननवर मेनूतल्या कस्टम फंक्शनमध्ये (बटणांची कामं बदलायची जागा) शटर/एई लॉकच्या ओळीत जाऊन फोकस पाठीवरच्या चांदणीच्या (*) बटणावर न्यायचा, निकॉनच्या छोट्या बॉडीवर एई-एल/एएफ-एल बटणाला एएफ-ऑन, म्हणजे फोकस सुरू करायचं काम द्यायचं. मिनिटभराचं काम.

आता याची दुखणी, ती पण कमी नाहीत. पहिले दोन आठवडे मी अंगठा दाबायलाच विसरायचो आणि शटर बिनतक्रार फोटो काढत राहायचं. डावा डोळा लावून बघणाऱ्यांचा अंगठा थेट नाकाशी येतो, माझ्या एका मित्राने निव्वळ त्यासाठी हे सोडून दिलं. निकॉनच्या डीएसएलआरवर एएफ-ऑनने लेन्सचं व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) सुरू होत नाही, त्यासाठी शटर अर्धं दाबावंच लागतं, त्यामुळे लांब लेन्स असली की फोकस घेताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र नाचत राहतं. कंटिन्युअस मोडमध्ये फोकसला मदत करणारा दिवाही लागत नाही, म्हणजे अंधाऱ्या खोलीत एकदाच फोकस घेऊन थांबणाऱ्या सिंगल मोडवर यावंच लागतं. आणि कॅननवर वन शॉट (तिथला सिंगल मोड) आणि इव्हॅल्युएटिव्ह (पूर्ण फ्रेमचा उजेड मोजणारी पद्धत) असताना अर्ध्या बटणाने फोकसबरोबर एक्सपोजरही धरून ठेवलं जायचं, ते आता सुटतं, खिडकीजवळ फ्रेम सरकवली की उजेड परत मोजला जातो. मला ते आवडतं, तुम्हाला कदाचित नाही आवडणार.

सगळ्यात मोठी फजिती म्हणजे कॅमेरा दुसऱ्याच्या हातात देणं. एकदा सगळ्यांचा ग्रुप फोटो काढायला कॅमेरा काकांना दिला, मीही जाऊन उभा राहिलो, काकांनी हौसेने आठ-दहा काढले, एकही फोकसमध्ये नाही, कारण त्यांनी बिचाऱ्यांनी शटर दाबलं आणि शटरकडे आता ते कामच नव्हतं. चूक माझीच, पण ऐकून ते घेतात थोडीच, अजून म्हणतात तुझा कॅमेरा बिघडलाय. कॅननवर यावर उपाय सोपा आहे, देताना डायल हिरव्या फुल ऑटोवर फिरवायचा, तिथे कस्टम फंक्शन लागू होत नाहीत आणि शटर पुन्हा फोकस करायला लागतं.

तेव्हा घरात एकच कॅमेरा आणि चार जण वापरणारे असतील तर शटरवरच राहू द्या, उगाच भांडणं नकोत. कॅमेरा फक्त तुमच्याच हातात असतो आणि पोर्ट्रेट, पक्षी, मॅक्रो असं थांबून काढायचं काही आवडत असेल, तर मी म्हणेन निदान महिनाभर अंगठ्याने काढून बघा, पहिल्या आठवड्यात वैतागून सोडू नका एवढंच. वापर वेगळा असेल तर मत वेगळं असू शकतं, पण मी स्वतः परत काही शटरवर जाणार नाही.

आजीचे नंतर त्याच खुर्चीत परत काढले. एकदा अंगठा दाबला आणि ती गप्पा मारत असताना नुसतं शटर दाबत राहिलो, पडदा या खेपेला जिथे असायला हवा तिथे, म्हणजे धुक्यात. फक्त ती बोलता बोलता पुढे वाकली की फोकस परत घ्यायला लागतो, ते मी तेव्हाही तीनदा विसरलो.