गॅस फी लागली नाही, तरी वॉलेट रिकामं झालं

माझ्या क्रिप्टो वॉलेटची किल्ली असलेले बारा शब्द, म्हणजे सीड फ्रेज, आजही कागदावर, कुलपात आहेत. कुणाला सांगितलेले नाहीत, त्यांचा फोटोही काढलेला नाही. तरी माझ्या वॉलेटमधले सगळे स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाशी किंमत बांधलेली डिजिटल नाणी) एका रात्रीत गेले. सीड फ्रेज जपली म्हणजे झालं, असं समजून जे निर्धास्त आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय.

ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून मेसेज आला: जुन्या वापरकर्त्यांना नवीन टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, फुकट मिळताहेत, आज शेवटचा दिवस. (त्याचं खातं आधीच हॅक झालेलं होतं, हे मागाहून कळलं.) साइट अगदी नेहमीची वाटली, पत्त्यात फक्त एका अक्षराचा फरक. वॉलेट जोडलं, सहीची खिडकी उघडली. ओनर, स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन अशा ओळी, आणि व्हॅल्यूपुढे ११५७९२ने सुरू होणारा लांबच लांब आकडा. नंतर मोजला तेव्हा ७८ अंकी भरला. मला तो कसलातरी कोड वाटला. गॅस फी (ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या सामायिक, उघड नोंदवहीत, व्यवहार नोंदवायचा खर्च) मागितली नाही, म्हणजे पैशांचा व्यवहार नाही, असं धरून मी सही केली.

ती सही ‘परमिट’ची होती, म्हणजे दुसऱ्याला आपली टोकन उचलू द्यायच्या परवानगीची. इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या बऱ्याच टोकनांत ही सोय असते. मालकाने नुसती सही करायची. ती साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नेण्याचा खर्च दुसरा कुणी करतो. म्हणून माझ्या व्यवहारांच्या यादीत तेव्हा काहीच उमटलं नाही. तो आकडा म्हणजे त्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या, थोडक्यात ‘हवे तेवढे उचल’. ब्लॉकचेन कुणी फोडली नव्हती. तिने सही तपासली, खरी निघाली, पैसे सोडले. सही करणाऱ्याला फसवलंय की नाही, हे तिला कळत नाही.

पुढचे दोन दिवस मी एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरचे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, माझेच पैसे फिरताना बघत होतो. एका पत्त्यावरून चार पत्त्यांवर, तिथून आणखी पुढे. सगळं उघड, मिनिटासेकंदासकट, पण पत्त्यामागे माणूस कोण ते दिसत नाही. फायनान्शिअल ॲक्शन टास्क फोर्स या काळा पैसा रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये एक्स्चेंजसाठी (क्रिप्टो विकत घेण्या-विकण्याच्या कंपन्यांसाठी) नियम आखून दिला, की पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती पैशांबरोबर पुढे गेली पाहिजे. दोन खासगी वॉलेटमधल्या थेट व्यवहारात मात्र मध्ये कुणी नसतंच, मग नियम लावायचा कुणाला? माझ्या पैशांचा एक तुकडा एका एक्स्चेंजवर पोहोचला तेव्हा कुठे दाद मागायला जागा मिळाली. त्यांनी पोलिसांचं पत्र मागितलं. तक्रार घेणाऱ्याने विचारलं, पैसे कुठल्या बँकेतून गेले? हे सगळं समजावण्यात तीन दिवस गेले आणि तोवर तो तुकडाही निघून गेला.

त्याच सुमारास पैसे परत मिळवून देणारा एक ‘तज्ज्ञ’ भेटला. २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीतून चोरलेले सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं चलन) परत मिळाले होते, तसंच तुमचंही करू, म्हणाला. गोष्ट खरी आहे, म्हणून माझा विश्वास बसला. पण ते परत आले कारण नेटवर्क चालवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी साखळीचे नियमच बदलायला संमती दिली होती. एकट्या माणसाच्या चोरीसाठी तसं कुणी करत नाही. त्याने आगाऊ फी घेतली आणि गप्प झाला.

ज्यांच्याबरोबर असं घडेल त्यांनी पहिल्याच तासात व्यवहाराचा हॅश (त्याचा ओळख क्रमांक) आणि चोराचा पत्ता लिहून तक्रार नोंदवा. ज्या कंपनीने स्टेबलकॉइन काढलं तिलाही कळवा. मोठ्या कंपन्यांना एखादा पत्ता गोठवता येतो, पण बहुतेक वेळा त्या तपास यंत्रणेचं पत्र मागतात. आणि जुन्या वॉलेटमध्ये नवे पैसे टाकू नका. दिलेली परवानगी आपोआप संपत नाही, फोन बदलला तरी नाही. ती वेगळा व्यवहार करून रद्द करावी लागते. मला हे कळायच्या आत मी त्यात पुन्हा थोडे पैसे भरले होते. ते काही मिनिटांत गेले, त्याच पत्त्यावर.