२००३ची क्लास सी मोटरहोम: चौदा महिने वापरल्यावर

गेल्या महिन्यात मिशिगनमधल्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला या गाडीत मुक्कामी होतो. रात्री पाऊस लागला. तीनच्या सुमारास ड्रायव्हरच्या केबिनवरच्या बंकमध्ये झोपलेला मुलगा खाली उतरून आला, "बाबा, उशी ओली झालीय." त्या उशीमुळे हे लिहायला बसलोय.

क्लास सी म्हणजे केबिनवर असा बंक असलेलं चाकांवरचं घर. माझी गाडी फोर्ड ई-४५० चॅसीवरची (खालच्या सांगाड्यावरची), व्ही-१० इंजिन, घेतली तेव्हा ३१ हजार मैल झालेली. त्याच आठवड्यात दुसरी एक पाहिली होती, २००५ची, ८४ हजार मैल, वर दोन हजार डॉलरनी स्वस्त. मी मैल बघितले आणि पहिली उचलली. तिथेच चुकलो. वीस वर्षांत ३१ हजार म्हणजे गाडी बहुतेक काळ नुसती उभी, तीही उघड्यावर, मिशिगनच्या बर्फात. उभ्या गाडीचं रबर वाळतं, छपरावरचं सीलंट तडकतं आणि पाणी वाट काढतं. दुसऱ्या गाडीचा मालक दरवर्षी छपरावर चढून सांधे भरायचा. पावत्यांची फाइल त्याने माझ्यापुढे ठेवली होती, मी चाळलीसुद्धा नाही.

टायरचंही तेच. नक्षी नवीकोरी, पण घरी आणल्यावर टायरच्या कडेला छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचले तर २३१२, म्हणजे २०१२च्या २३व्या आठवड्यात बनलेले. सहाही बदलले. चौदाशे डॉलर गेले.

पण खरा जीव जळतो तो त्या कोपऱ्यासाठी. गाडी बघायला अण्णा बरोबर होते, सांगलीहून आलेले. माठ घेताना वाजवून बघतात तशी ते बाहेरची भिंत बोटाने वाजवत फिरले आणि पुढच्या उजव्या कोपऱ्याशी थांबले. "इथे बद्द वाजतंय रे." मला वाटलं, आत काही आधार दिला असेल. भिंतीचं बाहेरचं फायबरग्लास आतल्या प्लायपासून सुटलं की असाच आवाज येतो, हे मला आत्ता कळलं.

त्या ओल्या उशीच्या मुक्कामाहून परत आल्यावर त्याच कोपऱ्याच्या कडेची व्हिनाइलची पट्टी ओढून काढली. खालचे स्क्रू नुसत्या बोटांनी बाहेर आले, आट्यांमध्ये काळा भुसा. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं. एका वर्कशॉपने २७०० डॉलर सांगितले. मी सलग तीन शनिवार-रविवार घालवून लाकूड, ब्युटिल टेप (सांध्यात पाणी शिरू न देणारी चिकट पट्टी) आणि सीलंट धरून ३४० डॉलरमध्ये केलं.

ओलावा मोजायचं मीटर ३० डॉलरला मिळतं. गाडी बघायला जाताना ते खिशात हवंच. बंकच्या गादीखाली, वरच्या कपाटांच्या कोपऱ्यांत, खिडक्यांखाली टोचून बघा. १५ टक्क्यांच्या वर गेलं तर भाव पाडा, नाहीतर सरळ घरी या. जमलं तर पाऊस पडून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जा.

जनरेटरबद्दल मात्र माझं मत बदललं. पहिले चार महिने सारखा बंद पडायचा, मी विकणाऱ्याच्या नावाने बोटं मोडायचो. निघालं काय, तर जुन्या पेट्रोलने कार्ब्युरेटर चिकटला होता. साफ केला, आता महिन्यातून एकदा एसी लावून दोन तास चालवतो. एकदाही रुसला नाही. इंजिनबद्दलही तक्रार नाही, पेट्रोल पितं तेवढंच.

काल इथे तीन तास धो धो पाऊस झाला. उजव्या कोपऱ्यात मीटरवर ११ आलं. डाव्या कोपऱ्यात १४ आहे. बर्फ पडायच्या आत तोही उघडतोय.