सर्फ अंदाजाचं अ‍ॅप, आठ महिन्यांनंतर: बाकी सगळं चांगलं, वाऱ्याचा बाण सोडून

मी आणि माझी मुलगी सर्फिंग शिकतोय, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायला, आणि लाटा, वारा, भरती कशी असेल ते सांगणारं एक अ‍ॅप त्यासाठी ऑक्टोबरपासून वापरतोय. १७ मार्चच्या रविवारी आम्ही म्हापशाहून उत्तर गोव्यातल्या आश्व्याच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. निघण्याआधी मी फोन दोनदा बघितला होता. साडेअकराच्या रकान्यात लाट ०.८ मीटर, वारा ९ नॉट, आणि वाऱ्याचा बाण डावीकडे. डावीकडे म्हणजे पश्चिमेला, पश्चिमेला म्हणजे समुद्राकडे. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा लाटेला समोरून थोपवून धरतो, लाट उभी राहते आणि सावकाश फुटते. शिकणाऱ्याला याहून चांगला दिवस मिळत नाही. गाडीत मुलगी म्हणाली, "आई, मतलई वारे इतक्या उशिरापर्यंत कसे असतील?" ती नववीत आहे, भूगोल तिला पाठ आहे. मी म्हटलं, अ‍ॅप सांगतंय, चल.

किनाऱ्यावर शॅकवरचे सगळे झेंडे जमिनीच्या दिशेने ताणलेले. पाणी चुरगळल्यासारखं, लाटांना ना ओळ ना आकार. जी लाट पकडायला जावं ती मागून ढासळत होती. दोन बोर्ड भाड्याने घेतले, तासाचे प्रत्येकी पाचशे रुपये आधीच भरलेले. चाळीस मिनिटांत आम्ही दोघी खांदे दुखवून बाहेर आलो. पेट्रोल, बोर्ड आणि एक अख्खा रविवार गेला.

घरी येऊन तोच रकाना पुन्हा उघडला. बाणाशेजारी बारीक करड्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं: पश्चिम-वायव्य. म्हणजे अक्षरं सांगत होती वारा पश्चिमेकडून येतोय, आणि बाणाचं टोकही पश्चिमेलाच. बाण वारा कुठे चाललाय ते दाखवत नव्हता, कुठून येतोय ते दाखवत होता. देवळाच्या किंवा जुन्या घराच्या कौलांवर वातकुक्कुट असतो ना, तो जसा वाऱ्याच्या उगमाकडे तोंड करतो, तसा. ही रीत चुकीची नाही. पण त्याच रकान्यात वर लाटेचा बाण आहे आणि तो लाट कुठे चाललीय ते दाखवतो. एकाच चौकोनात दोन बाण, दोघांचा अर्थ परस्परांच्या उलट. आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत दोन्ही बाण एकाच रीतीचे होते! मार्चच्या पहिल्या आठवड्यात अपडेट आलं, त्यात वाऱ्याचा बाण गुपचूप उलटला. कुठे सूचना नाही, काही नाही.

यावर मी इतकी का अडून बसले आहे असं घरात मला विचारून झालं. कारण शिकणाऱ्यासाठी वाऱ्याची दिशा हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. सराईत माणूस वाऱ्याच्या दिवशीही एखादी लाट काढतो. आमच्यासारख्यांना कंबरभर पाण्यात स्वच्छ, एकटी येणारी लाट लागते, आणि तिची वेळ वारा ठरवतो. लाट अर्ध्या मीटरने चुकली तर निभावतं. वारा उलटा कळला तर दिवस गेला.

आपल्या भाषेत हा घोळच नाही, हे मला त्या दिवशी नव्याने जाणवलं. नैऋत्य मोसमी वारे म्हटलं की ते नैऋत्येकडून येतात हे शाळकरी मुलालाही कळतं. खारे वारे समुद्रावरून येतात, मतलई जमिनीवरून. नावातच उगम आहे. अ‍ॅपने अक्षरं मोठी ठेवली असती आणि बाण काढूनच टाकला असता तरी चाललं असतं.

कंपनीला मेल केली, स्क्रीनशॉट जोडून. उत्तर आलं: आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, कृपया कॅशे साफ करून पाहा. कॅशे साफ केला. बाण तसाच. दुसऱ्या मेलला तेच उत्तर, फक्त खालचं नाव वेगळं. तिसऱ्या मेलमध्ये मी दोन्ही बाणांना लाल गोल करून पाठवले. उत्तर आलं की आपल्या भागातली मापनकेंद्रं कमी असल्याने अंदाजात फरक पडू शकतो. मी अंदाजाबद्दल विचारलंच नव्हतं. अंदाज बरोबर होता, दाखवण्याची पद्धत चूक होती! चौथ्या मेलनंतर, बरोबर सव्वीस दिवसांनी, एका बाईंनी नीट वाचून उत्तर दिलं: सेटिंग्जमध्ये एककांच्या पानावर अगदी तळाशी 'दिशादर्शक' असा पर्याय आहे, तो बदला. बदलला. बाण सरळ झाला. त्या बाईंचे मनापासून आभार. पण ३६०० रुपये वर्षाला घेणाऱ्या अ‍ॅपने हा पर्याय नॉट आणि किलोमीटरच्या खाली पुरून ठेवावा आणि मूळ निवड आपणहून बदलावी, हे मला अजून पटलेलं नाही. नवा फोन घेतला की तो पुन्हा उलटा होतो, हेही मे महिन्यात कळलं.

आता चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. भरती-ओहोटीचा आलेख सुरेख आहे, आमच्याकडच्या वेळांशी पाच-दहा मिनिटांच्या आत जुळतो. भांगाचे दिवस आणि उधाणाचे दिवस एका नजरेत दिसतात. आश्व्याचा वाळूचा दांडा ओहोटीच्या शेवटच्या तासात उथळ होतो आणि लाट एकदम कोसळते, त्यामुळे मी अर्धी भरती चढत असतानाची वेळ धरते. आलेख नसता तर पंचांग बघून हिशोब करत बसावं लागलं असतं.

मात्र डिसेंबरपर्यंत माझं एक मत होतं की पैसे लाटेच्या उंचीसाठी द्यायचे. ते मत पार बदललं. अ‍ॅप जी उंची देतं ती मुळात उघड्या समुद्रातली, आणि तीही सगळ्या लाटांची सरासरी नव्हे, सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची. त्यात मधूनच एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते. हे आकडे ज्या संगणकी जागतिक मॉडेलमधून येतात त्याची एक चौकट दहा ते पंचवीस किलोमीटरची असते. त्यात आश्वे, मोरजी, हरमल सगळं एकाच ठिपक्यात जातं. किनाऱ्याजवळ लाटेचं काय होईल हे त्या ठिपक्याला कळणं शक्य नाही.

खरा रकाना शेजारचा आहे, सेकंदांचा. दोन लाटांमधला काळ. जानेवारीत दोन शनिवार लागोपाठ १.१ मीटर दाखवत होता. पहिल्या शनिवारी सहा सेकंद, वायव्येकडून. इराणच्या आखातावर शमाल वारे सुटले की हिवाळ्यात त्यांच्या लाटा आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येतात, त्यातलाच प्रकार. आखूड, घाईच्या, दमवणाऱ्या. दुसऱ्या शनिवारी चौदा सेकंद, नैऋत्येकडून. समुद्र बराच वेळ सपाट, मग क्षितिजाजवळ तीन-चार जाड रेघा उठायच्या, आणि त्या येईपर्यंत नीट वळून बसायला वेळ मिळायचा. माझी पहिली उभ्याने पार केलेली लाट त्या दुसऱ्या शनिवारची. उंची तीच, समुद्र दोन.

याचं कारण समजलं तेव्हा मला फार आनंद झाला, म्हणून लिहिते. खोल पाण्यात लाटेची लांबी सेकंदांच्या वर्गाच्या दीडपटीहून किंचित जास्त मीटर असते. सहा सेकंदांची लाट ५६ मीटर, सोळा सेकंदांची जवळजवळ ४०० मीटर. लाटेला तिच्या निम्म्या लांबीइतक्या खोलीवर तळ लागायला लागतो. म्हणजे लहान लाटेला तळ २८ मीटरवर कळतो, मोठीला २०० मीटरवर, किनाऱ्यापासून कितीतरी आधी. ती तिथपासून वळत, उंच होत येते. आणि ती येते कुठून? दक्षिण महासागरातून, चाळीस-पन्नास अंश दक्षिणेच्या वादळांतून. सोळा सेकंदांच्या लाटांचा समूह ताशी ४५ किलोमीटरने चालतो, तरी गोव्याला पोचायला सहाएक दिवस लागतात. रविवारी ज्या लाटेवर मी गुडघे टेकते ती सोमवारी तिकडून निघालेली असते.

पण नेमका हाच रकाना अ‍ॅपच्या हिरव्या रंगाने फसवा होतो, आणि माझी दुसरी मोठी तक्रार ती. ५ मे, रविवार. सकाळी साडेपाचच्या रकान्यात १.२ मीटर, १७ सेकंद, वारा ३ नॉट, पूर्ण हिरवा, वर 'नवशिक्यांसाठी योग्य' अशी पट्टी. त्याच वेळी हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचे अंदाज आणि इशारे देणाऱ्या सरकारी संस्थेचा, इशारा आदल्या दिवसापासून लागू होता. एप्रिलच्या अखेरीस दूर दक्षिणेतल्या कमी दाबाच्या प्रणालीने उठवलेल्या लाटा ४ मेपासून भारताच्या किनाऱ्याला लागणार होत्या, मुंबईत अर्धा ते दीड मीटर उंचीचा इशारा होता. केरळचे मच्छीमार याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ, आणि पाणी अचानक वर चढतं.

मी इशारा वाचला होता, तरी बघायला गेले, बोर्ड न घेता. अमावास्येला अजून दोन-तीन दिवस होते, उधाण लागलेलं नव्हतं, तरी ओल्या वाळूची रेषा नेहमीपेक्षा कितीतरी वर, माडांच्या मुळांजवळ. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होड्या ओढून वर घेतलेल्या. दहा-पंधरा मिनिटं समुद्र अगदी शांत, गुडघाभर पाण्यात पोरं खेळावीत असा. मग मोठ्या लाटांचा एक गट आला आणि पाणी न फुटताच, नुसतं फुगून, होड्यांपर्यंत आलं आणि परत जाताना पायाखालची वाळू ओढून घेऊन गेलं. जाळं दुमडत बसलेले एक वयस्क रापणकार मला म्हणाले, "आयज दर्यो बरो ना गो बाय, उदकांत देंवूं नाका." आज समुद्र बरा नाही, पाण्यात उतरू नका, असं. माझ्या फोनवर तेव्हाही हिरवी पट्टी होती. दुसऱ्या दिवशी बातमी वाचली, कन्याकुमारी जिल्ह्यात लेमूर किनाऱ्यावर पाच वैद्यकीय विद्यार्थी समुद्राने ओढून नेले. त्यानंतर त्या पट्टीकडे मला शांतपणे बघता येत नाही. उंची कमी आणि वारा मंद म्हणजे सोपं, एवढंच ते गणित मांडतं. सतरा सेकंद दिसले की पट्टी गेली पाहिजे आणि तिथे इन्कॉइसचा इशारा दिसला पाहिजे. इन्कॉइसचे इशारे उघड आहेत, फुकट आहेत. हेही मी कंपनीला लिहिलं आहे.

वाऱ्याच्या वेळेबद्दलही पैसे देण्याची गरज मला आता वाटत नाही. रकाने तीन-तीन तासांचे: साडेआठ, साडेअकरा, अडीच. आमच्याकडे वारा नेमका यांच्या मधे फिरतो. आधी मी त्याबद्दल चिडत होते. मग मुलीने शंभर पानी वही केली. तारीख, पाण्यात उतरल्याची वेळ, वारा फिरल्याची वेळ. डिसेंबरात मतलई साधारण अकरापर्यंत टिकला, फेब्रुवारीच्या अखेरीस साडेदहा, मार्चमध्ये दहाच्या आत, आणि एप्रिलमध्ये तो नावापुरता पहाटे. वारा फिरताना दिसतोसुद्धा. आधी माड स्तब्ध होतात. झेंडे खाली लोंबतात. मग दूर पाण्यावर एक काळसर पट्टा दिसतो, जणू कुणी क्षितिजाकडून ओलं फडकं फिरवत आणतंय. तो लाटा फुटतात तिथवर यायला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात एक, फार तर दोन लाटा मिळतात, मग बाहेर. हे कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही, आणि असायला हवं असंही नाही.

विंडी हे हवामानाचं दुसरं अ‍ॅप मी फुकट वापरते. त्यात नकाशावर वारा वाहताना दिसतो, त्यामुळे बाणाचा प्रश्नच येत नाही, आणि युरोपीय व अमेरिकी मॉडेल आलटून पालटून बघता येतात. दोन्ही जुळली की मी अलार्म लावते. लाटांचे सेकंदही तिथे दिसतात, जरा शोधावे लागतात एवढंच. भरतीचा आलेख मात्र मला या अ‍ॅपचाच आवडतो.

आता जून आहे. किनाऱ्यावर जीवरक्षकांचे लाल झेंडे लागलेत, सप्टेंबर संपेपर्यंत पाण्यात जायचा प्रश्न नाही, आणि वर्गणी मात्र या चार महिन्यांचीही भरलेली आहे. पावसाळ्यात गोव्यात नवशिक्या पाण्यात उतरत नाही हे कंपनीला ठाऊक असो वा नसो, हंगामापुरती वर्गणी ठेवली तर मी आजच भरेन. वर्षाची नूतनीकरणाची तारीख ९ ऑक्टोबर आहे. आपोआप पैसे कापण्याची परवानगी मी बंद करून ठेवली आहे. बाण मुळातून सरळ झाला आणि ती हिरवी पट्टी सुधारली तर पुन्हा ३६०० देईन, कुरकुर न करता.

काल पाचवी मेल पाठवली. सोबत मुलीने काढलेलं चित्र जोडलंय: किनारा, दोन माड, आणि समुद्राच्या बाजूने येणारे दोन बाण, एक लाटेचा, एक वाऱ्याचा, दोन्हींची टोकं जमिनीकडे.