कोळशाच्या छोट्या गाडीचा जुळणी-संच : विदर्भाच्या उन्हाळ्यातील अनुभव

यवतमाळ–मूर्तिजापूरची शकुंतला ही नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांवरची, आगगाडी कापसाची गाडी म्हणून ओळखली गेली. माझ्या प्लायवूडच्या फळीवरची छोटी नमुना-गाडी मात्र कोळसा वाहणारी आहे आणि ती कोणत्याही खऱ्या मार्गाची नक्कल नाही. शकुंतलेचा एखादा फाटा वणीच्या खाणींपर्यंत पोचला असता आणि तेथला कोळसा नॅरोगेजने ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, धक्क्यापर्यंत आला असता तर तो मार्ग कसा दिसला असता, एवढ्या कल्पनेवर हा सारा खटाटोप उभा आहे. त्यासाठी एका लहान कार्यशाळेकडून मागवलेल्या संचाचे हे परीक्षण आहे. कार्यशाळेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण असे काम करणारे हात आपल्याकडे मोजकेच आहेत आणि माझी तक्रार सुधारण्याजोगी आहे.

संचात सहा चारचाकी वाघिणी (मालडबे) आणि इंजिनाचे एक कवच येते. प्रमाण १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे, आहे. शकुंतलेच्या दोन रुळांमधील ७६२ मिलिमीटर अंतराला ८७ ने भागले की पावणेनऊच्या आसपास आकडा येतो. त्यामुळे एन गेज या नमुना-गाड्यांच्या प्रचलित मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ आणि त्यांवर चालणारी तयार मोटर व चाके येथे चालून जातात, आणि बनवावे लागते ते फक्त वरचे अंग. मी काटो कंपनीचे खडीसकट येणारे युनिट्रॅक रूळ वापरले. त्यांच्या २१६ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर या आखूड वाघिणी कुठेही अडत नाहीत, आणि दोन फूट रुंदीच्या फळीवर पूर्ण वळसा बसतो. खेड्यातल्या घरात याहून मोठी जागा मागितली तर घरच्यांचा रोष पत्करावा लागतो.

वाघिणींचे काम उत्तम आहे. रिव्हेट रेखीव आहेत आणि बाजूच्या फळ्यांची जाडी बेताची आहे. मात्र त्या इतक्या हलक्या आहेत की पहिल्याच दिवशी सांध्यावर तीनदा घसरल्या. सायकलच्या बेअरिंगमधील छर्रे तळाशी चिकटवल्यावर त्या शहाण्यासारख्या चालू लागल्या. वजन वाढल्यामुळे चाळीसास एक (चाळीस इंच अंतराला एक इंच उंची) या चढावर इंजिन आता चारच भरलेल्या वाघिणी ओढते. सपाटीवर मात्र सहाही सहज जातात. माल म्हणून वीटभट्टीवरील कोळशाचा चुरा रव्याच्या चाळणीने चाळून, पाणी मिसळलेल्या फेविकॉलने पक्का बसवावा. सुटा ठेवल्यास त्याची धूळ दातेरी चाकांत शिरते, हे मी यंत्रणा दोनदा उघडून शिकलो.

खरी अडचण इंजिनाच्या कवचाची आहे. ते पीएलए नावाच्या प्लास्टिकचे, थ्रीडी प्रिंटरवर छापलेले आहे आणि ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. माझी खोली टिनपत्र्याची आहे. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असताना पत्र्याला लागून असलेल्या फडताळात काय होत असेल, याचा विचार मी आधी करायला हवा होता. पण संचासोबतच्या माहितीपत्रकातही उन्हाविषयी एक अक्षर नव्हते. धुराडे डावीकडे कलले आणि छताला पोक आले. त्याच फडताळातील वाघिणी जशाच्या तशा राहिल्या, कारण त्या रेझिन नावाच्या वेगळ्या प्लास्टिकच्या आहेत. एकाच संचात दोन प्रकारचा माल का घातला, हे विचारल्यावर कार्यशाळेने प्रामाणिकपणे सांगितले की कवच रेझिनमध्ये महाग पडते. त्यांनी नवे कवच पाठवले, तेही पैसे न घेता. कुरिअर तालुक्याच्या पुढे येत नसल्याने ते आणायला एक दिवस मोडला, त्याचा दोष त्यांना देता येणार नाही.

कवचाच्या घडणीविषयीही थोडे सांगायला हवे. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात खरी इंजिने जवळून पाहिलेल्या माणसाला यातील बॉयलरवरचा घुमट जरा थोराड वाटेल. परंतु कल्पित मार्गाच्या इंजिनाला कोण जाब विचारणार? काळा मॅट रंग आणि टाकीखाली गंजाचा हलका हात दिल्यावर ते पुष्कळ कष्ट उपसलेले दिसते.

वीज बेभरवशाची असल्याने मी ही गाडी फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर, वेग कमी-जास्त करणारे साधे नियंत्रक मध्ये जोडून चालवतो, आणि संचातील कशालाही त्याचा त्रास झालेला नाही. पोस्टखर्चासह ४,८०० रुपये ही किंमत वाघिणींसाठी रास्त आहे. पुढच्या मागणीत मी आणखी सहा वाघिणी नोंदवल्या आहेत. कवच मात्र रेझिनमध्ये मिळेपर्यंत मागवणार नाही.