रांगेतला नंबर की झाडातला? एक्सएसएलटीमधल्या तीन वाटा

एका पुस्तकाची एक्सएमएल फाइल घ्या, म्हणजे मजकुराला टॅग लावून रचलेली. आत ओळीने दहा <धडा>. (टॅगची नावं देवनागरीत ठेवायला एक्सएमएलची काही हरकत नसते.) प्रत्येक धड्याला क्रमांक हवाय. एक्सएसएलटी ही अशा फाइलचं रूप बदलणारी भाषा; तिच्या १.० आवृत्तीपासून, म्हणजे १९९९ पासून, त्यासाठी तीन वाटा आहेत, आणि बहुतेक जण सगळ्यात आखूड वाट धरतात: पोझिशन().

गंमत अशी की पोझिशन() झाडाकडे, म्हणजे फाइलमधल्या टॅगांच्या एकात एक रचनेकडे, बघतच नाही. सध्या नोडची (झाडातल्या टॅग, मजकूर अशा घटकांची) जी रांग चालू आहे, तिच्यात आपण कितवे, एवढंच ते सांगतं. म्हणून फॉर-ईचमध्ये (एकेक नोड घेणाऱ्या आज्ञेत) सॉर्ट लावून क्रम बदलला की नववा धडाही पहिला ठरू शकतो. यादीला अनुक्रमांक द्यायचा असेल तर हेच हवं. मूळ जागा हवी असेल तर फसलात. दुसरा फटका जास्त छळतो. अप्लाय-टेम्प्लेट्स (आतल्या नोडना त्यांचे नियम लावणारी आज्ञा) सिलेक्टशिवाय, म्हणजे कोणते नोड ते न सांगता, चालवलं की क्रमांक २, ४, ६ असे उड्या मारत येतात. टॅगांमधल्या नव्या ओळी आणि स्पेस हेही टेक्स्ट नोडच, तेही रांगेत उभे असतात. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे. सिलेक्ट="धडा" लिहा, नाहीतर स्ट्रिप-स्पेस लावून त्या रिकाम्या जागा काढून टाका.

काउंट(प्रिसीडिंग-सिबलिंग::धडा) + १ मात्र झाडातली आधीची भावंडं मोजतं. सॉर्ट असो वा नसो, उत्तर तेच. शिवाय हातात खरा आकडा येतो, तो अटीत किंवा बेरजेत थेट वापरता येतो. 'धडा'च्या जागी * टाकलं तर प्रस्तावनाही मोजली जाईल, हे लक्षात असू द्या. दुखणं वेगाचं: प्रत्येक नोड मागे वळून सगळ्यांना मोजणार. १०,००० भावंडं असली आणि प्रोसेसरने (एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रामने) स्वतःहून काही हुशारी केली नाही, तर जवळपास ५ कोटी पावलं होतात. शे-दोनशे नोडसाठी डोकं खाऊ नका.

एक्सएसएल:नंबरही झाडच बघतं, सॉर्टला जुमानत नाही. काही न सांगता वापरलं तर त्याच नावाची भावंडं मोजतं. पण ते घ्यायचं ते पुढच्या कामांसाठी. लेव्हल="मल्टिपल" आणि काउंट="धडा|भाग" दिलं की '२.३' असा क्रमांक आयता मिळतो. काउंटने हे करायला बसलात तर पातळीगणिक वेगळा हिशोब मांडावा लागेल. तळटीपा पुस्तकभर सलग हव्या असतील तर लेव्हल="एनी", प्रत्येक धड्यात नव्याने सुरू करायच्या असतील तर सोबत फ्रॉम="धडा". उणीव एवढीच की ते मजकूर छापतं, आकडा हाती देत नाही. गणित करायचं तर आधी व्हेरिएबलमध्ये पकडावं लागतं.

आणि मराठी पुस्तकासाठी खास सोय: फॉरमॅट="१" लिहिलं की क्रमांक देवनागरीत येतात. सॉर्ट केलेल्या यादीलाही तेच अंक हवे असतील तर एक्सएसएल:नंबरला व्हॅल्यू="पोझिशन()" द्या. मग नंबर रांगेतला, अंक आपले.