‘१२० किलो क्षमते’चं लाइफ जॅकेट आणि पाण्यातली एक रात्र

माल होता १२ जॅकेटांचा, खाडीत कयाक चालवणाऱ्यांसाठी ऑनलाइन मागवलेला. झळझळीत नारिंगी कापड, खांद्यावर चकाकणाऱ्या पट्ट्या, दोरीला शिट्टी आणि छातीवर ठळक छाप: ‘क्षमता १२० किलो, आयएसओ प्रमाणित’. विक्रेत्याच्या व्हिडिओत हेच जॅकेट टबात बुचासारखं तरंगत होतं. फसवणूक किलो, आयएसओ आणि व्हिडिओ या तिन्ही गोष्टींत होती. कसब असं की यातली एकही उघड खोटी नव्हती.

आधी किलो. माणसाचं शरीर पाण्यात जवळजवळ तरंगतंच. डोकं वर राहायला बहुतेकांना ३ ते ५ किलोचा आधार पुरतो. म्हणून ‘१२० किलोच्या माणसाला चालेल’ हे कुठल्याही जॅकेटावर छापता येतं. खरी मोजणी न्यूटनमध्ये होते. १० न्यूटन म्हणजे साधारण १ किलो वर उचलणारा जोर. आयएसओ १२४०२ या लाइफ जॅकेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा पायऱ्या आहेत. ५० चं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असताना. बेशुद्ध माणसाला ते उताणं करेल ही अपेक्षा ठेवू नका. न पोहणाऱ्या पर्यटकाला शांत खाडीतही १०० हवं, खुल्या समुद्रात १५०.

छापलेला आयएसओ क्रमांक बारीक अक्षरांत ९००१ निघाला. तो कारखान्याच्या कामकाजाचा दाखला. तिथे बाजाराच्या पिशव्या शिवल्या तरी मिळतो. सीई छाप (युरोपीय सुरक्षा नियमांची खूण) असेल तर सोबत तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांक बघा, आणि प्रमाणपत्रावरचा मॉडेल क्रमांक जॅकेटावरच्याशी जुळवा. जाडीही बोलते: १०० न्यूटनसाठी किमान १० लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे फोमही तेवढा हवा. जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचं, अंगासरशी बसणारं जॅकेट दिसायला छान, पण त्यात तेवढा फोम मावतच नाही.

आता तो टबातला व्हिडिओ. रिकामं जॅकेट तरंगणं ही परीक्षाच नव्हे, रिकामी प्लास्टिकची बाटलीही तरंगते. जॅकेटाला वजन बांधून पाण्याच्या टाकीत रात्रभर सोडायचं. लोखंड पाण्यात सातवा-आठवा हिस्सा हलकं होतं, म्हणून ५० न्यूटनसाठी साधारण ६ किलो आणि १०० साठी १२ किलो भरीव लोखंड. (प्लास्टिकच्या वेष्टनातले डंबेल नकोत, आत बरेचदा सिमेंट असतं आणि ते पाण्यात फार हलकं पडतं.) या मालातल्या जॅकेटानं ६ किलो संध्याकाळी आरामात पेललं. सकाळी जॅकेट आणि लोखंड दोन्ही टाकीच्या तळाशी.

शिवण उसवल्यावर कारण दिसलं: बाहेरून पॅकिंगच्या पांढऱ्या ईपीई (पातळ फोम) शीटचा एकेक थर, मध्ये साधा गादीचा स्पंज. चांगल्या फोमचे कप्पे बंद असतात, पाणी शिरत नाही. स्पंजाची छिद्रं एकमेकांत उघडतात. कापडाच्या लेपामुळे पाणी सावकाश शिरतं, म्हणून पहिला अर्धा तास सगळं छान. समुद्री जॅकेटांच्या सोलास (जहाजांच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार) नियमांत गोड्या पाण्यात २४ तास बुडवल्यावर तरंगण्याचा जोर ५ टक्क्यांहून जास्त घटता कामा नये, ही अट उगाच नाही. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कीतल्या इझमिरला पोलिसांनी अशीच हजारावर बनावट जॅकेटं पकडली होती. ग्रीसकडे निघालेल्या निर्वासितांसाठी होती ती.

ही चाचणी माल आला त्याच दिवशी सुरू करा, कारण परतीची मुदत अनेकदा ७ दिवसांचीच असते. आणि उसवायची घाई करू नका. इथे उसवलेलं नग विक्रेत्यानं ‘छेडछाड केली’ म्हणून परत घेतलं नाही. खोकं उघडतानाचा आणि टाकीतला व्हिडिओ, वजनकाट्याच्या आकड्यासह, आधी काढून ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

अस्सल जॅकेटही चुकीचं बसलं तर वाया. सगळे बकल लावून हात वर करायचे आणि दुसऱ्यानं खांद्याचे पट्टे वर ओढायचे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकलं तर पट्टे आवळा, तरीही सरकलं तर माप लहान घ्या. लहान मुलांना मांड्यांमधून जाणारा पट्टा हवाच, आणि ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठं माप नको. वापरानंतर गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचं. होडीत त्यावर बसायची सवय मोडा, दबलेला फोम फुलत नाही. रंग विटला असेल तर शिवण नखानं ओढून बघा. उन्हानं दोराही कुजतो.

बाद झालेली जॅकेटं भंगारात देताना पट्टे कापून आणि मधोमध फाडून द्या. नाहीतर तीच धुऊन पुन्हा एखाद्या धक्क्यावर टांगलेली दिसतील.