जानेवारीत मनाली: घरची गाडी न्यायची का तिथली टॅक्सी करायची?

कापूस विकला का आमच्या इकडचे बरेच जण मनाली काढतात, अन् मग घरात वाद सुरू, गाडी न्यायची का नाही. माझं मत सरळ हाये भाऊ, मनालीपर्यंत घरची न्या, पण पुढं सोलंग नाहीतं अटल टनेलकडं बर्फ पडून असेल तं ती हॉटेलातच ठेवा अन् लोकल फोर बाय फोर, म्हंजे चारही चाकांना ताकद जाणारी गाडी, करा.

घरच्या गाडीत पाचजणांत खर्च वाटला जाते अन् कुठंबी थांबता येते. पण नागपूरवरून अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास, अन् आपल्याकडं रेडिएटरमध्ये साधं पाणी टाकायची सवय, ते तिथं गोठून इंजिन फुटू शकते, म्हणून आधी कूलंट भरून घ्या. डिझेल गाडी असेल तं टाकी घाटाच्या आधी रिकामी होऊ द्या अन् वरचंच डिझेल भरा, इथलं डिझेल कडक थंडीत घट्ट होऊन फिल्टर चोंदवते.

आता टायर. साधं टायर ७ डिग्रीखाली कडक व्हायला लागते, विंटर टायर नरम राहते पण एका ट्रिपसाठी चार घेणं म्हंजे पैसा उडवणं. त्यापेक्षा चेन बरी, म्हंजे टायरवर गुंडाळायची साखळी. इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांनाच लावायची, छोट्या गाड्यांत बहुतेक पुढची, स्पीड ३०-४०च्या आत, अन् बर्फ संपला का लगेच काढायची.

खरी अडचण सवयीची हाये. पांदणीच्या चिखलात आपण रेस देऊन गाडी काढतो, बर्फावर तसं केलं तं चाक जागीच फिरते अन् खालचा बर्फ अजून गुळगुळीत होते. तिथं दुसऱ्या गिअरवर हळूच उचलायची, उतारावर ब्रेक दाबत नाही बसायचं, लहान गिअरवर सोडायची. बर्फाच्या थरावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरसुद्धा लागते. पुलावर, सावलीत अन् टनेलच्या तोंडाशी काळा बर्फ राहते, तो नुसता ओला डांबर वाटते, नवख्याला कळतच नाही! तिथल्या ड्रायव्हरला ते वळण माहीत राहते, पैसे त्याचेच. फोर बाय फोरनं गाडी निघते, पण ब्रेक काही लवकर लागत नाही, म्हणून भाव करायच्या आधी टायरची नक्षी पाहा, झिजली असेल तं दुसरी गाडी पाहा.

हॉटेलात ठेवलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढू नका, गोठून चिकटते, गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावा. अन् सकाळी काचेवर गरम पाणी तं बिलकुल नाही, तडा जाते.